ओंडक्याचे मेणबत्ती स्टँड घरी करताना: तडा, साल आणि ज्योत

पारोळा तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी मार्च महिन्यात शेताच्या बांधावरील बाभळीची फांदी तोडली, तिचे चार ते सहा इंच उंचीचे पाच तुकडे केले आणि ड्रिल मशीनने प्रत्येकाच्या माथ्यावर खड्डा पाडून त्यात मेणबत्त्या बसवल्या. महिनाभरात पाचपैकी चार तुकडे तडकले, दोन तुकड्यांची साल निखळली आणि एकाच्या खड्ड्याची कड जळून काळी पडली. दिवाळीसाठी असे स्टँड पुन्हा करायचे आहेत, काही घरासाठी आणि जमल्यास काही विकण्यासाठी. तर चूक कोठे झाली आणि आता काय करावे, असे त्या विचारतात.

ताई, तडा आणि साल या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. लाकडात पाणी असतानाच आपण त्याची वस्तू केली. काळी पडलेली कड हा वेगळा आणि अधिक गंभीर विषय आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. माझे वडील यावल तालुक्यात बैलगाड्या, वखर आणि तिफणी करत, मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि गेली बावीस वर्षे सुतारकामाबरोबर ओंडक्यांच्या अशा लहान वस्तूही करतो. या काळात माझी खात्री झाली आहे, की ओंडक्याच्या स्टँडमध्ये हत्यारे चालवण्याचे काम एका दुपारचे असते आणि वाळवण्याचे काम सहा महिन्यांचे असते. बहुतेक जण दुपारच्या कामाची चौकशी करतात, म्हणून मी आधी सहा महिन्यांच्या कामाबद्दल सांगतो.

ओंडका का तडकतो, हे एकदा नीट समजले की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. ताज्या लाकडातले पाणी दोन ठिकाणी असते. काही पेशींच्या पोकळीत मोकळे, तर काही पेशींच्या भिंतींत मुरलेले. मोकळे पाणी निघून जाते तेव्हा ओंडका फक्त हलका होतो. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओलावा उतरला, की भिंतींतले पाणी सुटू लागते आणि तेथून लाकूड आकसायला सुरुवात होते. हे आकसणे सगळ्या दिशांनी सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसतेच, केंद्राकडून सालीकडे थोडे असते आणि वलयांच्या दिशेने, म्हणजे घेराला, त्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे घेर लहान होऊ पाहतो, पण आतला भाग त्या प्रमाणात लहान होत नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे लगेच कळेल. धाव थंड होऊन आकसते आणि चाकाला करकचून आवळते. धाव लोखंडाची असल्यामुळे ताण सहन करते. ओंडक्याचा बाहेरचा घेर लाकडाचा असल्यामुळे एका ठिकाणी फाटतो आणि तो फाटा सालीपासून थेट मधल्या ठिपक्यापर्यंत पोचतो. आपल्या चारही तुकड्यांचे तडे असेच पाचरीच्या आकाराचे, बाहेर रुंद आणि आत निमुळते असतील.

त्यात आपल्या खानदेशातील उन्हाळ्याची भर पडते. मार्चनंतर जळगाव-भुसावळकडे पारा चढू लागतो, मे महिन्यात तो ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा इतकी कोरडी असते, की अंगणात टाकलेली गोधडी तासाभरात वाळते. ओंडक्याचे कापलेले तोंड हे पाण्याच्या नळ्यांचे उघडे टोक असते, त्यामुळे तेथून पाणी सालीच्या बाजूपेक्षा कित्येक पटींनी वेगाने उडते. तोंड आकसते, पोट ओलेच राहते आणि तडा पडतो. सुरुवातीच्या एका वर्षी मी कडुनिंबाचे बारा तुकडे लवकर वाळावेत म्हणून पत्र्याच्या छपरावर ठेवले होते. रात्री पत्रा थंड होऊ लागला, तेव्हा अंथरुणात पडल्यापडल्या मला वरून एकेक तुकडा फुटल्याचा आवाज ऐकू येत होता, लवंगी फटाका वाजावा तसा. सकाळी बारापैकी नऊ तुकडे सालीपासून केंद्रापर्यंत उकललेले होते.

म्हणून पहिला निर्णय तोडण्याच्या वेळेचा. फांदी पौषात, म्हणजे डिसेंबर अखेर ते जानेवारीत तोडावी. थंडीत झाडाची वाढ मंदावलेली असते आणि सालीखालचा नवा, कोवळा थर घट्ट झालेला असतो, त्यामुळे साल लाकडाला धरून राहते. मार्चमध्ये झाडात रस चढू लागतो, तोच थर मऊ आणि ओला होतो आणि वाळताना साल टरफलासारखी सुटते. आपल्या दोन तुकड्यांची साल याच कारणाने निखळली. साल ठेवायची असेल तर ओंडका फेकू नये, दगडावर आपटू नये आणि त्यावरून बैलगाडीचा दोर ओढू नये, कारण ओल्या सालीला बसलेला मार वाळल्यावर दिसतो.

तोडल्या दिवशीच दोन्ही तोंडे बंद करावीत. आमच्याकडचे जुने सुतार तोंडांना शेण थापत आणि ते आजही चालते. पण मेणबत्त्यांचे काम करणाऱ्या घरात उरलेल्या मेणाचे तुकडे असतातच, ते वितळवून लावणे अधिक चांगले. मेणाचा डबा कधीही थेट आचेवर ठेवू नये. पातेल्यात पाणी उकळत ठेवावे आणि त्यात डबा ठेवून मेण वितळवावे. मेणाने पेट घेतलाच तर पाणी न टाकता झाकण ठेवून आच बंद करावी, पाण्याने जळते मेण उसळून अंगावर येते. वितळलेले मेण जुन्या ब्रशने तोंडांवर दोन वेळा लावावे आणि सालीवरही कडेने एक इंचापर्यंत न्यावे. ओंडका लगेच लहान तुकड्यांत कापू नये. दोन-अडीच फुटांचा लांब ठेवला तर टोकाचे तडे कापून टाकता येतात आणि मधला भाग शाबूत मिळतो. लहान तुकडेच हवे असतील तर प्रत्येक तोंडाला मेण लावण्यात आळस करू नये.

वाळवण्याची जागा सावलीची, वारा फिरणारी, पण झळ न लागणारी असावी. धाब्याचे घर असेल तर त्यातला मधला अंधारा खण यासाठी उत्तम असतो, कारण मातीच्या धाब्याखाली दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. सिमेंटच्या घरात पलंगाखालची किंवा जिन्याखालची जागा चालते. ओंडके जमिनीला न टेकवता दोन काठ्यांवर ठेवावेत, नाहीतर पावसाळ्यात वाळवी लागते.

वाळले की नाही हे ठोकून किंवा हात लावून कळत नाही. स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा हे यासाठी सर्वांत खात्रीचे साधन आहे. माझ्या वहीतील एका तुकड्याची नोंद देतो. वेडी बाभूळ, व्यास चार इंच, लांबी पाच इंच. जानेवारीत तोडल्या दिवशी वजन १,१२० ग्रॅम होते, होळीला ९६० झाले, आखाजीला ८४० झाले, मे अखेरीस ८१० आणि त्यानंतरच्या आठवड्यात ८०५ भरले. आषाढात ते पुन्हा ८२५ ग्रॅमवर गेले. हा तुकडा ओला झाला नव्हता, हवेतील दमटपणा त्याने घेतला होता. लागोपाठ तीन आठवडे वजन जवळजवळ स्थिर राहिले, की लाकूड घरातील हवेशी जुळले असे समजावे. पावसाळ्यातला हा चढउतार एकदा होऊ द्यावा आणि पाऊस सरल्यावर, भाद्रपद-आश्विनात, हत्यार लावावे. पौषात तोडलेले लाकूड दिवाळीच्या आधी कामाला येते, हा आपल्या हवामानातील क्रम फार सोयीचा आहे.

इतके करूनही अखंड गोल ओंडका कुठेतरी तडकण्याची शक्यता राहतेच, कारण आकसण्यातील असमानता लाकडाच्या घडणीतच आहे. म्हणून मी तड्याची जागा स्वतः ठरवतो. ओंडका ताजा असतानाच, जी बाजू मागे जाणार आहे तिच्यावर लांबीभर करवतीची एक सरळ खाच सालीपासून मधल्या ठिपक्यापर्यंत पाडतो. वाळताना सगळा ताण त्या खाचेत उघडतो आणि बाकीचा घेर शाबूत राहतो. दोन मिलिमीटरची खाच सहा महिन्यांनी पेन्सिल मावेल इतकी रुंद होते, यावरून लाकडात किती ताण होता याची कल्पना येते. पुढे ती खाच तशीच ठेवता येते किंवा त्याच लाकडाची पाचर तासून बसवता येते. पाचरीला गोंद एकाच बाजूने लावावा; दोन्ही बाजूंनी चिकटवली तर पुढच्या उन्हाळ्यात ओंडका दुसरीकडे फाटतो. लहान तुकड्यांत गिरमिटाने वरून खालपर्यंत मधोमध १० ते १२ मिलिमीटरचे भोक पाडून मधला ठिपकाच काढून टाकणे हाही चांगला उपाय आहे. खाच आणि भोक दोन्ही केले तर फारच उत्तम.

सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र ओंडका उभा चिरून अर्धा करण्याचा आहे. अर्ध्या ओंडक्यात घेर बंद नसतो, त्यामुळे तो मोकळेपणाने आकसतो आणि क्वचितच तडकतो. सपाट बाजू खाली, साल वर आणि सालीच्या बाजूने एका ओळीत तीन किंवा पाच टी-लाइट (धातूच्या वाटीतल्या बुटक्या मेणबत्त्या), असा आडवा स्टँड जेवणाच्या टेबलावर किंवा देवळीत फार शोभतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाळल्यावर त्याची सपाट बाजू मधोमध किंचित फुगते आणि ओंडका टेबलावर डुगडुगतो. म्हणून आधी चिरून ठेवावे, वाळू द्यावे आणि रंधा शेवटी मारावा.

आता झाडाबद्दल. आपण घेतलेली देशी बाभूळ वाईट नाही. गाडीची चाके आणि तेलाचे घाणे तिचेच होत असत. पण तिच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला कीड फार लवकर लागते आणि ते आकसतेही बरेच. घरी पहिल्यांदा करणाऱ्याला मी वेडी बाभूळ सुचवतो. नदी-नाल्यांच्या काठी आणि पडीक रानात माजलेली ही झाडे तोडली तर शेताचे भलेच होते, आणि तिच्या लाकडाचा मोठा गुण असा, की ते फार थोडे आकसते आणि दोन्ही दिशांनी जवळजवळ सारखे आकसते. आतला गाभा कॉफीच्या रंगाचा, कडेला पिवळसर पट्टा आणि वर खडबडीत साल, असे तिचे रूप मेणबत्तीच्या उजेडात खुलते. तिचे काटे मात्र जाड हातमोजे घालूनच काढावेत, कारण ते रुतले तर जखम चिघळते. चिंचेचे लाकूड कठीण आणि चिवट असते, खाटकाचा ठोकळा त्याचा करतात यावरून ते कळावे. त्याला ड्रिल लावायला बळ लागते. सातपुड्यातील अंजन हे भारतातील सर्वांत जड लाकडांपैकी एक आहे आणि घरगुती बिट त्यावर दोन भोकांत बोथट होतो. सालईचे लाकूड मऊ आणि कापायला सोपे असले तरी मेणबत्तीसाठी कधीच वापरू नये. तिचा डिंक धुपात घालतात, तो सहज पेटतो, आणि तोच डिंक लाकडातही असतो. शेर, थुवर आणि कण्हेर यांचा चीक विषारी आहे, त्यांनाही हात लावू नये.

स्वतःच्या शेतातील झाड असले तरी तोडण्याआधी चौकशी करावी. झाडे तोडण्यासंबंधीचा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा साग, खैर, चिंच, आंबा, मोह, जांभूळ आणि अंजन अशा झाडांना लागू आहे आणि ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. राखीव जंगलातून ओंडका उचलून आणणे हा तर सरळ गुन्हा आहे. वाऱ्याने पडलेली फांदी, बांधावरची छाटणी किंवा वखारीतून विकत घेतलेला तुकडा यांवर हे काम उत्तम होते.

कीड हा विषय मी मोठ्या कळकळीने लिहितो, कारण त्यामुळे माझा एक ग्राहक कायमचा दुरावला. देशी बाभळीचे सहा स्टँड मी दिवाळीत दिले होते. फाल्गुनात त्यांनी बोलावून दाखवले, तेव्हा पांढऱ्या टेबलक्लॉथवर प्रत्येक ओंडक्याभोवती मैद्यासारख्या बारीक पिवळसर भुशाची रांगोळी पडली होती आणि सालीत दोन-दोन मिलिमीटरची गोल भोके होती. हा भुंगा कच्च्या लाकडातील पिष्टमय भागावर जगतो. पूर्वी आमच्याकडे बाभळीचे ओंडके डोहात नाहीतर तळ्यात काही महिने बुडवून ठेवत, त्याने हे पिष्ट निघून जाते आणि कीड कमी लागते. पण त्यात साल सुटते, म्हणून साल काढलेल्या स्टँडसाठीच तो उपाय बरा. साल ठेवायची असेल तर एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार आणि २० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ते पाणी तोडल्यानंतर पहिल्या आठवड्यात सालीवर तीन-चार वेळा भरपूर लावावे. तोंडांवर लावायचे असेल तर मेणाच्या आधी लावावे. कॅरम बोर्डावर टाकतात ती हीच बोरिक पावडर. हे पाणी पोटात जाऊ नये, म्हणून लहान मुले, गुरे आणि स्वयंपाकाची भांडी यांपासून दूर ठेवावे. वाळलेल्या लहान तुकड्यात कीड दिसली तर तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घरच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा, आतील अळ्या मरतात.

कापण्याच्या बाबतीत एक युक्ती सांगण्यासारखी आहे. वाकड्या ओंडक्यावर गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) लागत नाही, त्यामुळे तोंड तिरके कापले जाते आणि मेणबत्ती कलते. वर्तमानपत्राची सरळ कापलेली रुंद पट्टी ओंडक्याभोवती गुंडाळावी, तिच्या कडा एकमेकींवर बरोबर जुळवाव्यात आणि त्या कडेने पेन्सिल फिरवावी. करवत त्या रेषेवर थोडी-थोडी कापत ओंडका फिरवत राहावे, तोंड सरळ निघते. बूड टाइलवर ठेवून डुगडुगते का ते पाहावे आणि बुडाचा मधला भाग पटाशीने किंचित खोलगट करावा, म्हणजे ओंडका कडेवर स्थिर बसतो. उंची व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवू नये. तीन, पाच आणि सात इंचांचे तीन तुकडे शेजारी-शेजारी चांगले दिसतात, पण सात इंचांचा तुकडा निदान चार इंच जाडीचा हवा.

खड्ड्यासाठी ४० मिलिमीटरचा फॉर्स्टनर बिट, म्हणजे सपाट बुडाचा गोल खड्डा पाडणारा ड्रिलचा बिट, घ्यावा. टी-लाइटची वाटी ३८ ते ३९ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे दीड इंची बिटाच्या खड्ड्यात ती अडकते. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) स्वस्त पडतो, पण त्याने मध्ये गोल ठोकळा उरतो, तो पटाशीने काढावा लागतो. मधोमध आधी भोक पाडले असेल तर बिटाच्या टोकाला आधार राहत नाही. अशा वेळी प्लायच्या तुकड्याला ४० मिलिमीटरचे छिद्र पाडून तो ओंडक्याच्या तोंडावर घट्ट बांधावा आणि त्यातून बिट उतरवावा. ओंडका हाताने किंवा पायाने धरू नये. आम्ही सुतार पायात लाकूड धरून काम करायला लहानपणापासून शिकलेलो असतो, पण इतका रुंद बिट लाकडात अडकला तर ओंडका गरकन फिरतो आणि घोटा किंवा मनगट मुरगळते. शिकंजा नसेल तर जाड फळीवर दोन बाजूंनी दोन पट्ट्या ठोकून पाळणा करावा आणि त्यात ओंडका दोरीने आवळून बांधावा. वेग कमी ठेवावा, बिट दर थोड्या वेळाने वर घेऊन भुसा झाडावा. जळका वास आला किंवा सालपटांऐवजी काळपट पूड निघू लागली, तर बिट बोथट झाला आहे असे समजावे. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके असावेच. बाभळीच्या ओल्या लाकडात लोखंडी खिळा कधी मारू नये. तिच्या सालीत आणि लाकडात कातडे कमावायला लागणारे टॅनिन असते, ते लोखंडाशी मिळाले की शाईसारखा निळा-काळा डाग पडतो आणि तो घासून जात नाही. सुटू पाहणारी साल पितळी बारीक टाचांनी किंवा पातळ गोंदाने बसवावी.

आता त्या काळ्या पडलेल्या कडेबद्दल. आपण मेणबत्ती थेट लाकडात बसवली होती. मेणबत्ती उतरत गेली, ज्योत लाकडाच्या कडेशी आली, आणि त्याआधीच वितळलेले मेण लाकडाने पिऊन घेतले होते. मेण प्यालेली लाकडाची कड ही वातच असते. त्या दिवशी ती फक्त काळी झाली, याचा अर्थ कोणीतरी वेळेवर पाहिले. म्हणून माझा नियम आहे, की ज्योत आणि लाकूड यांच्यामध्ये धातू किंवा काच असलीच पाहिजे, आणि ज्योत नेहमी लाकडाच्या माथ्याच्या वर असली पाहिजे. टी-लाइटची ॲल्युमिनियमची वाटी साधारण १६ मिलिमीटर उंच असते. खड्डा १४ मिलिमीटर खोल ठेवावा, म्हणजे वाटीचा काठ लाकडाच्या वर राहतो आणि विझल्यावर ती बोटांनी काढता येते. खड्ड्याभोवती सर्व बाजूंनी साधारण एक इंच लाकूड उरावे, म्हणजे ओंडका साडेतीन इंचांपेक्षा बारीक नको. आडव्या स्टँडवर दोन ज्योतींत १० सेंटिमीटर अंतर ठेवावे, नाहीतर शेजारच्या वाट्या एकमेकींना तापवतात. उभ्या लांब मेणबत्तीसाठी पितळी किंवा स्टीलची वाटी खड्ड्यात बसवावी आणि मेणबत्ती दोन बोटे उरली की विझवावी.

टी-लाइट साधारण चार तास जळतो आणि सर्वांत जास्त धोका शेवटच्या अर्ध्या तासात असतो, कारण मेण कमी उरले की वाटी फार तापते. जळलेली काडी वाटीत टाकण्याची सवय घातक आहे. ती दुसरी वात होते आणि सगळे मेण एकदम पेटू शकते. पंख्याखाली ज्योत एका बाजूला कलून वाटी तापते, म्हणून पंखा बंद ठेवावा. सुतळी, केळीचे सोपट, कापसाची बोंडे आणि वाळलेली फुले ओंडक्याला बांधलेली छान दिसतात, पण ती ज्योतीजवळ ठेवू नयेत. बांधायचीच तर बुडाशी आणि तीही घट्ट, एकही धागा वर न येईल अशी.

मेणबत्तीऐवजी पणती ठेवण्याची इच्छा अनेकांना होते. मातीची पणती तेल झिरपवते आणि ते तेल लाकडात उतरते, त्यामुळे पणती थेट ओंडक्यावर ठेवणे मेणबत्तीपेक्षाही वाईट. तिच्याखाली स्टीलची लहान ताटली हवी. पितळी निरांजन मात्र खड्ड्यात फार सुरेख बसते. निरांजनाच्या बुडाचे माप घेऊन खड्डा पाडला तर देवघरात तूप-वातीसाठी हा ओंडका वर्षभर वापरता येतो आणि मला स्वतःला टी-लाइटपेक्षा तोच जास्त आवडतो.

पॉलिशबद्दल थोडेच. तोंड ८०, १२० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खड्ड्याच्या आत काहीही लावू नये. कच्चे जवसाचे तेल वाळायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोपर्यंत दिवा लावू नये. तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता देते आणि फडक्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्यात भिजवून किंवा तारेवर मोकळी पसरून वाळवावीत.

विकण्याचा विचार असेल तर प्रत्येक स्टँडच्या बुडाशी झाडाचे नाव, तोडल्याचा महिना आणि शेवटचे वजन पेन्सिलने लिहावे आणि मेणबत्ती थेट लाकडात लावू नये अशी चिठ्ठी सोबत द्यावी. या दिवाळीसाठी नवी फांदी तोडू नका, ती वाळणार नाही. जुने घर पाडल्यावर निघालेल्या कड्या, मोडक्या गाडीचे दांडे आणि कुंपणातील कित्येक वर्षांच्या मेढी जुन्या लाकडाच्या बाजारात मिळतात. ते लाकूड पूर्ण वाळलेले असते. फक्त करवत लावण्याआधी चुंबक फिरवून आतले खिळे शोधावेत.

आणि तडकलेले चार तुकडे चुलीत घालू नका. तडा जेथे उघडला आहे तेथेच लोखंडी पाचर ठेवून लाकडी हातोडीने ठोका दिला, की तुकडा साधारण मध्यावरून आपोआप दुभंगतो. जुन्या खड्ड्याचा भाग वरून कापून टाका, जळलेली कडही त्यात निघून जाईल. अर्ध्या झालेल्या तुकड्यांचे वजन करून ते सावलीत ठेवा आणि वजन थांबल्यावर सपाट बाजूला रंधा मारून सालीच्या बाजूने एकेक नवा खड्डा पाडा. ज्या अर्ध्यांची साल सुटली आहे त्यांची ती पूर्ण काढून लाकूड घासून घ्या. या आठ अर्ध्यांपैकी जे साडेतीन इंचांपेक्षा रुंद असतील त्यांवर टी-लाइट ठेवा. बारीक निघालेल्यांवर ज्योत लावू नका. ते उदबत्तीच्या घरासाठी, मध्ये पितळी नळी बसवून, उपयोगी पडतील.